साळूबाईची भाची

औरंगपुरा, औरंगाबाद
मंगळवार, १० मार्च १९८७

चि. सौ. सरूस तुझ्या सासूचा आशीर्वाद.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. चिंच भरलेली बरणी सापडत नाही, ती कुठं ठेवलीस एवढंच विचारायचं होतं. तू लासूर स्टेशनला माहेरी गेलीस त्याला आज बावीस दिवस झाले. मी काही मोजत बसलेले नाही. कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असतात, त्यावरून सहज लक्षात आलं. तू होतीस तेव्हा दीड लिटर घेत होतो, आता एक लिटर घेतो आणि त्यातलंही मांजर पिते.

इकडं सगळे मजेत. तुझे मामंजी मजेत, मी मजेत. बद्री कंपनीतून येतो, जेवतो आणि माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलतो, पण तब्येतीनं तोही मजेत आहे. परवा त्याचा शर्ट धुवायला घेतला तर खिशात चिठ्ठी निघाली. सिडकोतल्या एका खोलीचा पत्ता, आणि खाली ‘पाडव्याला रिकामी होईल’ असं लिहिलेलं. मी चिठ्ठी होती तशी परत ठेवली. त्याला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. मला माहीत आहे, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

त्या दिवसाचं मी मनात धरलेलं नाही. पण तू चुकलीसच, हे एकदा लिहून टाकते म्हणजे पुन्हा लिहायला नको. जरा माझ्या जागी उभी राहून बघ. आपला संडास अंगणात, पुढच्या फाटकाशी. जुन्या काळी सगळ्यांचेच तिथं असायचे, त्याला मी काय करू? आणि बरोबर त्याच्या समोर ओसरीवर तख्तपोस. आधी त्यावर माझे सासरे आणि त्यांची मंडळी बसायची, आता तुझे मामंजी बसतात. सकाळी सात ते अकरा, दुपारी चार ते आठ, मधल्या वेळात त्यावरच आडवे होतात. सोबत शेजारचे रामकिसन भाऊजी, म्हणजे आपल्या साळूबाईंचे यजमान, आणि पुंजाराम टेलर. या घरात येऊन मला पस्तीस वर्षं झाली, तो तख्तपोस दिवसाउजेडी रिकामा असा मी पाहिलेलाच नाही. म्हणून आम्ही बायका पहाटे एकदा आणि दिवेलागणीनंतर एकदा जातो. मधे लागू नये म्हणून पाणी बेतानं पितो. यात नवीन काय आहे?

आणि तू काय केलंस? हातात टमरेल घेऊन भर बैठकीसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मामंजी, तुम्ही जरा आतल्या खोलीत बसता का? मला दिवसातून सहा वेळा जायला सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी.” सहा वेळा! पुंजाराम भाऊजींच्या हातातले पत्ते गळून पडले. किलवरची राणी उताणी पडलेली मी दाराआडून पाहिली. तुझे मामंजी तर नुसते चष्मा पुसत बसले, तुला हो नाही आणि नाही नाही.

मग मी तुला आत बोलावून एवढंच म्हणाले, की आम्हीही याच घरात दिवस काढले, आम्हाला काही झालं नाही. त्यावर तू विचारलंस, “झालं नाय, का सांगितलं नाय, आत्याबाई?” आणि पिशवी भरायला घेतलीस. सासूला असं विचारतात का गं?

उन्हाळी कुणाला लागत नाही? लघवीला आग झाली म्हणून कुणी घर सोडत नाही. पहिल्या वेळेला मी तुला धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला. दुसऱ्या वेळेला ताप चढला तेव्हा बद्रीनं डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मी अडवलं होतं का? उलट रिक्षात बसताना तुझ्या पायांवर शाल मीच टाकली होती.

असो. बरणीचं तेवढं कळव.

तुझी सासू,
मनकर्णाबाई

ता. क. तुझ्या डॉक्टरीणबाई त्या आगीवर आणखी काय काय करायला सांगतात? मला काही नको आहे. साळूबाईंची भाची आली आहे, ती विचारत होती.


मंगळवार, १७ मार्च १९८७

चि. सौ. सरूस आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. बरणी सापडली, माझ्याच डोळ्यांसमोर होती, पिठाच्या डब्यामागं. तेव्हा त्याची काळजी करू नकोस.

साळूबाईंच्या भाचीचं मात्र काही बरं नाही. बिचारी अगदी हैराण झाली आहे. घटकाघटकाला लागल्यासारखी होते, जावं तर चार थेंब, आणि ते चार थेंबसुद्धा निखारा ठेवल्यासारखे जातात. पोटाच्या खालच्या अंगाला जड जड वाटतं. आग होते म्हणून तिनं पाणी आणखी कमी केलं, की लागायलाच नको. मला तर ते शहाणपणाचं वाटलं होतं, पण दोन दिवसांत आग दुप्पट झाली. आता भांड्यात पिवळंजर्द दिसतं.

आम्ही घरचं सगळं केलं. रात्री धने भिजत घालून सकाळी गाळून दिले. सातूचं पाणी उकळून दिलं. सब्जा दिला. तिखट बंद केलं, चहा अर्ध्यावर आणला. ती गरम पाण्याची रबरी पिशवी, तू घरात आणलीस म्हणून मी नावं ठेवली होती, ती पोटावर ठेवली की फार बरं वाटतं. म्हणजे तिला बरं वाटतं. पण पिशवी गार झाली की पुन्हा तेच.

आता सांगायची गोष्ट म्हणजे तिला चारचौघांत जाता येत नाही. या वयात तिनं दिवसातून दहा वेळा पुरुषांसमोरून जायचं म्हणजे काय? नुकतंच तिला चोपन्नावं लागलं. घरात सून आलेली. लोक काय म्हणतील!

आपल्या फडताळात लाल पाकिटात दोन गोळ्या उरलेल्या दिसतात. त्या तुझ्या उन्हाळीच्याच असाव्यात. भाचीला द्याव्यात का? आज तिनं पाकीट तीनदा उघडलं आणि तीनदा बंद केलं.

पाडवा सोमवार ३० तारखेचा आहे. साखरेच्या गाठी यंदा आणाव्यात की नाही कळत नाही. खाणार कोण?

तू उत्तर दिलंस तर भाचीला बरं वाटेल. बंद पत्रानं पाठव.

मनकर्णाबाई


मंगळवार, २४ मार्च १९८७

सरू,

आशीर्वाद देते, पण आज तो दात आवळून देते आहे.

मी तुला निळं अंतर्देशीय पत्र पाठवलं. भाताच्या शितांनी तिन्ही बाजू चिकटवल्या. वर ‘बंद पत्रानं पाठव’ असंही लिहिलं. आणि तू पाठवलंस पोस्टकार्ड! उघडंनागडं, ठसठशीत अक्षरात!

आपल्या घरी आलेलं कार्ड तुझे मामंजी ओसरीवर मोठ्यानं वाचतात. सगळ्यांची ख्यालीखुशाली सगळ्यांना कळावी, असा त्यांचा रिवाज. तुला हे माहीत नव्हतं असं म्हणू नकोस, वर्षभर तू स्वयंपाकघरातून ऐकलेलं आहेस.

काल सकाळी दहाला पोस्टमन कडूबा आला. बैठक भरलेली. मामंजींनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि बातम्या द्याव्या तसं सुरू केलं. “आत्याबाईंना नमस्कार. साळूबाईंच्या भाचीला सांगावे, की पाणी कमी करू नये, भरपूर प्यावे. लागली की लगेच जावे, धरून ठेवू नये, त्यानेच हे वाढते. धने आणि सातू चालतील, पण ते औषध नव्हे. अंगात ताप भरला, कंबरेच्या वर पाठीत दुखले, किंवा लघवी लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जावे. तसे नसले तरी आता जावेच. फडताळातल्या गोळ्या घेऊ नयेत, त्या तुमच्या मुलाच्या पित्ताच्या आहेत.”

मी दारामागं उभी होते. तिथपर्यंतही मी देवाचं नाव घेत सहन केलं. तेवढ्यात रामकिसन भाऊजी म्हणाले, “थांबा थांबा, आप्पासाहेब. आमच्या घरात भाची कुठली? साळूला तीन भाचे हायेत, भाची एक बी नाय.”

माझा घाम निघाला. सरू, एवढ्या मोठ्या औरंगाबादेत मला दुसरी कुणाची भाची सापडली नाही!

मामंजी म्हणाले, “आसंल कुणी लांबची,” आणि पुढं वाचलं. शेवटची ओळ. “आणि भाचीला सांगावे, हिरवा टॉवेल आता सुकू द्यावा.”

तिघांच्या माना एकदम वर झाल्या. संडासाशेजारच्या दोरीवर माझा हिरवा टॉवेल टपटप गळत होता. सकाळपासून तो चौथ्यांदा वाळत पडलेला होता.

तुला हे केव्हा कळलं, सांगशील का? मला वाटत होतं हे जगात कुणालाच माहीत नाही. ती दोरी मी चोपन्न साली बांधून घेतली. अगदीच निभेनासं झालं की टॉवेल बुचकळायचा आणि वाळत घालायला म्हणून निघायचं. पुरुषांच्या माना पत्त्यांत गेल्या की झटकन आत. बाहेर आलं की टॉवेल काढून घ्यायचा, वाळला असो नसो. हा सातवा टॉवेल आहे. सगळे हिरवेच घेतले, म्हणजे बदललेला कळत नाही. तुला वर्षभर अवघडताना पाहिलं, पण ही युक्ती तुला सांगितली नाही, हे मात्र मला आता टोचतं. सांगितली असती तर मलाही लागते हे कबूल करावं लागलं असतं.

तर तिघं टॉवेलकडं बघतायत, कडूबा फाटकात उभा, आणि मला त्याच घटकेला लागली. अशी लागली की आता बुचकळायला टॉवेलही नाही आणि थांबायला दमही नाही. स्वयंपाकघराच्या दारापासून तिथपर्यंत अठरा पावलं आहेत. मी पितळी तांब्या भरला, पदर खोचला आणि दार उघडून सरळ चालायला लागले.

रामकिसन भाऊजी उठून उभे राहिले, जसं काही कलेक्टर आला. पुंजाराम भाऊजी भिंतीकडं तोंड करून कॅलेंडर वाचायला लागले. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं आहे. तुझ्या मामंजींनी कार्ड तोंडासमोर धरलं, ते उलटं होतं. मी कुणाकडंही न बघता गेले आणि आले. आणि येताना कडूबा मोठ्या मायेनं म्हणाला, “काकू, पानी लई प्या बरं. माझ्या मायला बी ह्योच तरास व्हता.”

पोस्टमननं मला हे सांगावं! मी आत येऊन पिठाच्या डब्याला टेकून बसले. आधी रडू आलं. मग ते उलटं कार्ड आठवलं आणि इतकं हसू आलं, की पुन्हा उठून जावं लागलं.

तू कार्ड का पाठवलंस ते मला कळत नाही, असं समजू नकोस.

मनकर्णाबाई


गुरुवार, २६ मार्च १९८७

चि. सौ. सरूस अनेक आशीर्वाद, यावेळी दात न आवळता.

काल तुझे मामंजी मला रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. पोचल्यावर ते म्हणाले, “तू जा आत, मी बसतो बाकावर.” पण डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही आत बोलावलं.

त्यांनी लघवी तपासायला घेतली, पोट दाबून पाहिलं, पाठीवर ठोकून पाहिलं. मग विचारलं, “हे किती दिवसांपासून आहे?” मला म्हणायचं होतं पंधरा दिवस. तोंडातून निघालं, “पस्तीस वर्षं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “दिवसातून किती वेळा जाता?” मी म्हटलं, बरी असले तर दोनदा, नाहीतर टॉवेल असतो. टॉवेलचं त्यांना कळलं नाही. मग त्या तुझ्या मामंजींकडं वळल्या आणि म्हणाल्या, “आणि तुम्ही, आजोबा?” हे बोटांवर मोजायला लागले. एक हात संपला, दुसरा हात घेतला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांवर आले आणि थांबले. पुढं मोजलंच नाही. कुठल्या पाटाला कधी पाणी सोडायचं हे पाटबंधारे खात्यात त्यांना आयुष्यभर तोंडपाठ होतं, पण घरात त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

गोळ्या मिळाल्या. दोन दिवसांत आग थांबेल, पण बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, सगळ्या संपवायच्या, असं बजावलं आहे. बाकी तू कार्डात लिहिलंस तेच. सब्जा, सातू हवं तर घ्या म्हणाल्या, जिवाला थंड वाटतं, पण त्यावर विसंबून घरी बसू नका. आणि पाणी पिताना दाराकडं बघायचं नाही. हे शेवटचं त्यांनी का सांगितलं कळलं नाही, पण मी खरंच बघते. तांब्या तोंडाला लावला की आधी ओसरीवर कोण आहे ते बघते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू विचारलं होतंस, झालं नाही का सांगितलं नाही.

झालं होतं गं, सरू. सांगितलं नव्हतं.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या साली माझं लग्न झालं. तेव्हा मला सोळावं लागलेलं होतं. गावी शेतात आडोसा तरी होता. मग सासरे सगळ्यांना घेऊन इथं शहरात आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला आग सुरू झाली. चार दिवस तापानं कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं पडून होते. सासूबाईंनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं आणि म्हणाल्या, “आमाला कधी काय झालं नाय बाई.” मी त्यांचं खरं मानलं. मला वाटलं माझ्याच देहात काही खोट आहे. त्यानंतर कितीदा झालं ते आठवत नाही, कुणाला कधी सांगितलं नाही. आणि तुझ्यासमोर तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं, अगदी त्यांच्याच सुरात. त्यांना तरी खरंच काही झालं नसेल का, असं आता मनात येतं. तुला तसं म्हणायला नको होतं. माझं चुकलं. मोठ्यांनी लहानांची माफी मागायची कशी हे मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा ही अशीच समजून घे.

एक बातमी. आज सकाळी तुझ्या मामंजींनी तख्तपोस आत न्यायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत. मी काहीही म्हटलेलं नव्हतं, देवाशपथ. तिघांनी मिळून उचलला. सागवानी आहे, निजामाच्या राज्यातला, दारातून काही जाईना. आडवा केला, तिरका केला. शेवटी पुंजाराम भाऊजींनी करवत आणली आणि चारही पाय कापले. आता तो बसका झाला आहे. म्हातारे त्यावर बसताना हुश्श करतात आणि उठताना एकमेकांचा हात धरतात.

तुझी,
आत्याबाई


शनिवार, २८ मार्च १९८७

सरू बाळ,

हे पत्र बद्रीच्या हाती देते आहे. त्यानं वाचलं तरी चालेल. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि साळूबाईंनी सगळ्या गल्लीत केलंय ते वेगळंच. त्यांना भाची झाल्याचा फार आनंद आहे.

आग थांबली. गोळ्या चालू आहेत, मधे सोडणार नाही. पण पत्र त्यासाठी नाही. काल दुपारी जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

ओसरी रिकामी झाली म्हणताना साळूबाईंनी तिथं कुरडयांचा घाट घातला. गल्लीतल्या सात जणी जमल्या. ओसरीवर आणि अंगणात चादरी पसरल्या, चीक शिजवला, सोऱ्या फिरायला लागला. पुरुषमंडळी आतल्या खोलीत बसक्या तख्तपोसावर. मी त्यांना चारला चहा दिला, पाचला सरबत दिलं. ऊन होतं, तिघांनी दोन-दोन पेले घेतले.

साडेपाचला आतला आवाज कमी झाला. पत्ते वाटेनात. मी डोकावून पाहिलं तर रामकिसन भाऊजी पायावर पाय टाकून छताकडं बघत होते. पुंजाराम भाऊजी म्हणाले, “वहिनी, बायांचं लई येळ चालनार हाय का?” मी म्हटलं, “दिवेलागणीपर्यंत चालंल, भाऊजी.” त्यांचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

आता संडासाला जायचं तर सात बायकांच्या मधून. चादरी चुकवत, कुरडया ओलांडत, हातात टमरेल घेऊन. कुणाची हिंमत होईना. सहा वाजले, सव्वासहा वाजले. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि तुझे मामंजी बाहेर आले.

त्यांच्या हातात ओला हिरवा टॉवेल होता.

सरू, मी सोऱ्या टाकून दिला. ते खाली मान घालून चालत आले, दोरीपाशी गेले, टॉवेल नीट चार बाजूंनी ताणून वाळत घातला, आमच्या माना खाली आहेत का ते हळूच बघितलं. एकीचीही खाली नव्हती. साळूबाई म्हणाल्या, “धुनं लई काढलं वाटतं, भाऊजी?” आणि मग ज्या हसल्या सगळ्याजणी, की चिकाचं पातेलं कलंडलं. मामंजी संडासात शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बहुतेक आम्ही उठायची वाट बघत असावेत.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ते माझ्याजवळ पाटावर येऊन बसले. म्हणाले, “मला वाटायचं तुला धुन्याचा नाद हाय. मी रामकिसनला कौतुकानं सांगायचो, आमच्या घरात लई टापटीप.” मग म्हणाले, “मला दोन घंटे निघाले नाय. तू कसं काढलं गं एवढे वर्षं?”

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नव्हतं, आईनंसुद्धा नाही. मला तेव्हा किती बरं वाटलं ते मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते आहे.

आज सकाळपासून ठोकाठोक चालू आहे. कुणालाच कुणासमोरून जावं लागू नये म्हणून पुंजाराम भाऊजी स्वयंपाकघराच्या दारापासून थेट फाटकापर्यंत तट्ट्याचा आडोसा बांधत आहेत. आमच्यासाठी पस्तीस वर्षांत न सुचलेली गोष्ट त्यांना स्वतःची एक दुपार अवघडल्यावर सुचली. मी हे त्यांना ऐकवलंसुद्धा. त्यांनी मुकाट्यानं आणखी दोन खिळे ठोकले.

सिडकोच्या खोलीची चिठ्ठी अजून बद्रीच्या खिशात आहे. तुम्हाला तिथं राहायचं असेल तर राहा, मी मनापासून म्हणते आहे. फक्त तिथला संडास कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून घे. आणि इथं यायचं असेल तर दूध उद्यापासून दीड लिटर सांगितलेलं आहे. साखरेच्या गाठीही आणल्या आहेत. काहीही ठरव, पण पाडव्याची गुढी मात्र इथं उभी करू, एवढं माझं ऐक.

खालच्या चार ओळी तुझ्या मामंजींच्या हातच्या आहेत. कुणाला पत्र लिहायची त्यांना सवय नाही, नुसती वाचायची आहे.

‘सूनबाई, त्या दिवशी तू आम्हांस आत बसता का असे विचारले होते. आम्ही उत्तर दिले नव्हते. उत्तर असे की, होय, बसतो. विलंबाबद्दल क्षमस्व. आप्पासाहेब.’

उद्या बद्रीबरोबर सकाळच्या गाडीनं निघ. तुझी आई नेहमीप्रमाणे सांगेल, प्रवास आहे, पाणी पिऊ नकोस. माझीही आई सांगायची, मीही सगळ्यांना तेच सांगत आले. या वेळेला त्यांचं ऐकू नकोस. सोबत तांब्या घे आणि पाणी पीत ये.

तुझी,
आत्याबाई